डोळे उघडे ठेवले तरी चालेल

वर्गाची शेवटची दहा मिनिटं होती. सगळे शवासनात पडलेले. मी सवयीने बोलत होते, "डोळे मिटा, अंग सैल सोडा, आता काहीही करायचं नाही." कोपऱ्यातल्या मॅटवर एक बाई होत्या. डोळे मिटलेले, चेहरा शांत. पण उजव्या हाताने त्यांनी मॅटची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मला वाटलं, अंगात ताण राहिलाय, जरा सोडवू. जवळ जाऊन मी त्यांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला. त्या ताडकन उठून बसल्या. श्वास अडकलेला, नजर माझ्यावर, पण समोर कोण आहे हे काही क्षण त्यांना उमजतच नव्हतं.

चूक माझी होती. नंतर पाणी पिता पिता त्या एवढंच म्हणाल्या, "डोळे मिटले की मी इथे नसते." त्यांच्यावर काय गुदरलं होतं ते मी विचारलं नाही, आणि आजही मला ते माहीत नाही. पण त्या एका वाक्यामुळे मला पुन्हा नव्याने शिकायला बसावं लागलं. योगाने मन शांत होतं आणि प्रार्थनेने आधार मिळतो, हे आपण सगळेच सहज बोलून जातो. ज्याच्या अंगात जुना धसका बसलाय, त्याला मात्र 'शांत व्हा' ही सूचनाच सगळ्यात अवघड वाटू शकते. हे का होतं, आणि तरीही योग आणि मौन प्रार्थना या माणसांच्या कामी कशी येते, ते इथे सांगते आहे.

धसका बसतो म्हणजे नेमकं काय होतं

अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, युद्ध, भूकंप, किंवा लहानपणी घरातच रोज वाट्याला आलेली भीती. अशा अनुभवांतून जाणाऱ्या बहुतेकांना सुरुवातीला त्रास होतो: झोप उडते, दचकायला होतं, तेच तेच डोळ्यांपुढे येतं. पुष्कळांचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो. काहींचा ओसरत नाही. महिना उलटून गेला तरी तो तसाच राहिला आणि रोजचं जगणं विस्कटू लागलं, तर त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांनी पीटीएसडी. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली आपल्या निदानपुस्तिकेत त्याला हे नाव दिलं. एकाच प्रसंगातून गेलेल्या दोघांपैकी एक सावरतो आणि दुसरा अडकतो, तेव्हा दुसऱ्याचं मन कच्चं होतं असं समजू नये. वय काय होतं, प्रसंग एकदाच घडला की वर्षानुवर्षं चालला, घाव परक्याने घातला की आपल्याच माणसाने, नंतर कुणी जवळ घेतलं की तोंड फिरवलं, यावर फार काही अवलंबून असतं.

आपल्या बोलण्यात या गोष्टी कधीपासून शरीराच्याच भाषेत आहेत. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, हातपाय गळतात, दातखीळ बसते, पायाखालची जमीन सरकते, पाचावर धारण बसते. हे वाक्प्रचार म्हणजे घाबरलेल्या शरीराचं अचूक वर्णन आहे. फरक एवढाच, की आघातानंतर हे सगळं प्रसंग संपल्यावरही पुन्हा पुन्हा होत राहतं.

मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डला. त्याचं काम राखणदाराचं. अंधारात काही वळवळलं की हा आधी ओरडतो, आणि मग कपाळामागचा विचार करणारा भाग नीट बघून सांगतो, "साप नाही रे, दोरी आहे." अमिग्डलाच्या शेजारीच हिप्पोकॅम्पस असतो. आठवणीवर 'हे केव्हा घडलं, कुठे घडलं' असा शिक्का मारणं हे त्याचं काम. प्रसंग झेपण्यापलीकडचा असला की हा शिक्का नीट उमटत नाही. मग वर्षांनंतर एखादा वास, जिन्यावरचे पावलांचे आवाज, कुणाचा तरी चढलेला सूर एवढंही पुरतं. राखणदार ओरडतो आणि शरीराला ते 'तेव्हा' न वाटता 'आत्ता' वाटतं. समोर दोरी आहे हे माणसाला कळत असतं, तरी घाम फुटायचा तो फुटतोच.

संकटात शरीर लढायला उठतं किंवा पळायला, हे आपण शाळेत शिकलो. तिसरा मार्ग शाळेत क्वचितच सांगतात. लढणं आणि पळणं दोन्ही अशक्य असेल, तर शरीर थिजतं. आवाज फुटत नाही, अंग जड होतं, आपण लांबून स्वतःकडे बघतोय असं वाटतं. हे मी मुद्दाम थांबून सांगते, कारण "मी ओरडले का नाही, मी प्रतिकार का केला नाही" या प्रश्नाने कितीतरी माणसं स्वतःला वर्षानुवर्षं जाळत राहतात. ते थिजणं हा त्यांचा निर्णय नव्हताच. इच्छाशक्तीला विचारायच्या आधीच मज्जासंस्थेने तो घेतलेला असतो, आणि प्राणिमात्रांत तो जीव वाचवण्याचा एक फार जुना मार्ग आहे.

बोलून हे का सुटत नाही, असंही विचारलं जातं. सुटतं, पण नेहमी नाही आणि एकट्याने बोलून तर नाहीच. 1996 साली पीटीएसडी असलेल्या थोड्या लोकांवर एक अभ्यास झाला. त्यांच्याच आघाताचं वर्णन त्यांना ऐकवलं आणि त्याच वेळी मेंदूचं चित्रण केलं. भावनांशी निगडित भाग उजळले, आणि शब्द जुळवणारा ब्रोकाचा भाग मंदावला. अभ्यास छोटा होता. पण "सांगायला गेलं की शब्दच सापडत नाहीत" असं म्हणणाऱ्या माणसाला तो उपयोगी पडला, कारण आपण नाटक करत नाही याची त्याला खात्री मिळाली. शब्दांचं दार बंद असेल तेव्हा शरीराच्या दारातून आत जाता येतं का, हा प्रश्न इथून पुढचा.

श्वासाचा लगाम

हृदय, पचन, घाम, डोळ्यांतल्या बाहुल्यांचा आकार यांतलं काहीच आपण हुकूम देऊन बदलू शकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपण ठरवलं तर हळूही होतो. म्हणून सगळ्या परंपरांनी त्याचाच हात धरला. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. सोडणं जरा लांबवलं की मंदावण्याला जास्त वेळ मिळतो. यामागे व्हेगस नावाची दहावी मेंदूनस आहे. मेंदूच्या देठापासून निघून ती हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत पसरते. हिच्यातले बहुसंख्य तंतू शरीराकडून मेंदूकडे बातमी नेणारे आहेत, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आश्वासक वाटलं. डोक्याने अंगाला "घाबरू नकोस" असं बजावण्यापेक्षा, अंगाकडून डोक्याला "इथे ठीक आहे" असा निरोप पोचवणं अनेकदा सोपं जातं ते यामुळेच.

योग आणि प्रार्थना यांना जोडणारा एक सुंदर पुरावा आहे. इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 23 निरोगी माणसांना दोन गोष्टी करायला सांगितल्या: ख्रिस्ती जपमाळेवरची मारियेची (येशूच्या आईची) प्रार्थना लॅटिनमधून म्हणणं आणि योगपरंपरेतला एक मंत्र म्हणणं. त्यांचा अभ्यास 2001 च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. एरवी आपण मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो. जपमाळ म्हणताना तो सहाच्या आसपास आला, मंत्र म्हणतानाही सहाच्याच आसपास. रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेचा प्रतिसादही सुधारलेला दिसला. हजारो मैलांवरच्या दोन परंपरा एकाच लयीवर येऊन थांबल्या होत्या. त्या अभ्यासातली माणसं आघातग्रस्त नव्हती, म्हणून त्यावरून 'जप करा, बरे व्हाल' असं म्हणता येत नाही. पण शब्द, श्वास आणि हृदय एका दोरीत ओवलेले आहेत एवढं त्यातून नक्की कळतं.

सौम्य योग: काय बदलावं लागतं

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात बेसेल व्हॅन डर कोल्क या मनोविकारतज्ज्ञांच्या केंद्रात डेव्हिड इमर्सन यांनी आघातग्रस्तांसाठी योगाची वेगळी पद्धत बसवली. त्या केंद्राचा 2014 साली छापलेला अभ्यास 64 स्त्रियांवर होता. सगळ्यांचा पीटीएसडी जुना आणि उपचारांना दाद न देणारा. निम्म्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एक तास असा योग केला आणि उरलेल्यांनी तेवढाच वेळ आरोग्यशिक्षणाचा वर्ग केला. शेवटी योगाच्या गटातल्या 52 टक्के स्त्रिया पीटीएसडीच्या व्याख्येतून बाहेर पडल्या होत्या, दुसऱ्या गटातल्या 21 टक्के. 2023 मध्ये आणखी एक अभ्यास आला. अमेरिकी सैन्यात असताना लैंगिक अत्याचार सोसलेल्या 131 माजी सैनिक स्त्रियांपैकी काहींना ही योगपद्धत मिळाली आणि काहींना पीटीएसडीवरची एक मान्यताप्राप्त बोलण्याची थेरपी. त्रास दोन्हीकडे जवळपास सारखाच कमी झाला, आणि योगाच्या गटात शेवटपर्यंत टिकलेल्यांचं प्रमाण जास्त होतं. मला या टिकण्याचं महत्त्व फार वाटतं. चांगला उपचार अर्ध्यात सोडावा लागतो तेव्हा माणूस स्वतःलाच नापास करून टाकतो.

या पद्धतीत आसनं काही खास नाहीत. साधी, बहुतेक खुर्चीतही जमणारी. बदलते ती शिकवणाऱ्याची भाषा आणि अधिकार. आघाताच्या क्षणी माणसाच्या शरीराचं काय होणार हे दुसऱ्या कुणीतरी किंवा परिस्थितीने ठरवलेलं असतं. म्हणून इथे प्रत्येक छोट्या गोष्टीत ठरवण्याचा हक्क त्याच्याकडे परत जातो. "हात वर घ्या" ऐवजी "वाटलं तर हात वर नेऊन बघा, खांद्यापर्यंत किंवा त्याच्याही खाली." शिक्षक अंगाला हात लावत नाही, दुरुस्त करायलासुद्धा नाही. विचारून हात लावणंही मी सोडलं, कारण ज्याला 'नको' म्हणण्याची किंमत एकेकाळी मोजावी लागली आहे तो भिडेखातर हो म्हणतो. मी आता वर्गभर फिरत नाही. माझी जागा आधी सांगते आणि तिथेच राहते, म्हणजे डोळे मिटलेल्याला माझ्या पावलांचा अंदाज घेत बसावं लागत नाही.

आणि शेवट आधी सांगायचा. "अजून तीन श्वास, मग खाली आणू." ही वरवर फार क्षुल्लक गोष्ट वाटते. आघातात माणसाला हे कधी संपेल हे माहीत नसतं, ते संपेल की नाही हेही माहीत नसतं. मांडीत जराशी ओढ लागली, तीन श्वास टिकली, सांगितल्याप्रमाणे संपली. असं शंभरदा घडलं की शरीराला हळूहळू उमगतं की कठीण वाटणाऱ्या गोष्टींना सुरुवात असते तसा शेवटही असतो. हे समजावून सांगता येत नाही. ते मांडीच्या स्नायूलाच शिकावं लागतं.

काही गोष्टी बाजूला ठेवाव्यात. कपालभाती, भस्त्रिका यांसारखे जलद श्वास शरीराला घाबरल्यासारखेच वाटू शकतात. धडधड, चक्कर, तोंडाला कोरड ही सगळी लक्षणं तीच. श्वास रोखून धरणं अनेकांना गुदमरवतं. पाठीवर झोपून पाय फाकवलेली आसनं, पाठ उघडी टाकून डोकं टेकवायची आसनं, मिणमिणता उजेड, बंद दार यांबद्दल आधी विचार हवा. पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांची केली: स्थिर, सुख, आसन. आपण सगळा भर स्थिरवर देतो. ज्याच्या अंगात धसका आहे त्याने सुख हा शब्द आधी वाचावा, आणि त्यासाठी हलावं लागलं तर खुशाल हलावं.

आता एक छोटा सराव, तीनेक मिनिटांचा. खुर्चीत बसा. दार दिसेल अशी खुर्ची फिरवायची असेल तर फिरवा. डोळे उघडे असू द्या. खोलीत सावकाश नजर फिरवा, मानेसकट. खिडकीची चौकट, भिंतीचा रंग, जमिनीवरची सावली. मग तळव्यांकडे लक्ष न्या. टाच टेकते ती जागा आणि बोटांखालची जागा यांत जास्त भार कुठे आहे? पाय जमिनीत किंचित दाबा आणि सोडा. दाबताना मांडीचा स्नायू घट्ट होतो ते जाणवतं का? नाही जाणवलं तरी काही बिघडत नाही, आघातानंतर शरीराचे काही भाग बधिर वाटणं नेहमीचं आहे. पुन्हा दाबा, सोडा. वाटलं तर एक तळहात दुसऱ्यावर ठेवा आणि कोणता हात गरम आहे ते बघा. श्वासाकडे आज नाही बघितलं तरी चालेल. छाती किंवा पोटाकडे लक्ष नेलं की काहींना भीतीच सापडते, त्यांनी हातापायांतच राहावं. अंगात शिरण्याचे अनेक रस्ते आहेत, आणि कमी गर्दीचा रस्ता निवडणं हे शहाणपणाचं आहे. कुठल्याही क्षणी नको वाटलं तर उठून पाणी प्या. तेही सरावातच धरायचं.

शरीराच्या आतल्या खुणा ओळखण्याच्या या क्षमतेचा मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागाशी संबंध आहे. भूक लागली, थंडी वाजते, जबडा आवळलाय, हे वेळेवर कळणं म्हणजे पुढचं पाऊल ठरवता येणं. माझ्या वर्गातल्या एकीने मला सांगितलं होतं की पहिला फरक तिला स्वेटरमुळे कळला. कित्येक वर्षांनी पहिल्यांदा तिला थंडी वाजतेय हे वेळेवर कळलं आणि तिने उठून स्वेटर घातला.

मौन प्रार्थना आणि तिचं झाकण

मागणं मागणारी किंवा पाठ केलेली प्रार्थना बहुतेकांना ओळखीची असते. मौन प्रार्थना निराळी. इथे काही मागायचं नसतं, फार बोलायचंही नसतं. आपल्याहून मोठ्या अशा कुणाच्या तरी सान्निध्यात नुसतं बसायचं. मन भटकू नये म्हणून एक छोटा शब्द किंवा नाम धरायचं. पाचव्या शतकात जॉन कॅसियन या ख्रिस्ती संन्याशांनी वाळवंटातल्या तपस्व्यांची एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणण्याची पद्धत लिहून ठेवली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत येशूचं नाव श्वासाबरोबर घेतात. सूफींचा झिक्र, म्हणजे ईश्वराच्या नावाचा जप, आहे, आपल्याकडचं नामस्मरण आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या स्पेन्सर इथल्या मठात थॉमस कीटिंग, विल्यम मेनिंगर आणि बेसिल पेनिंग्टन या तीन संन्याशांनी याच जुन्या वाटेचं सोपं रूप केलं: दिवसातून दोनदा वीस मिनिटं, मनात एक पवित्र शब्द, विचार आला की हलकेच त्या शब्दाकडे परत.

आघातातून गेलेल्याला यात काय मिळतं? मी बघितलं ते असं. तो दिवसभर स्वतःला सांभाळून थकलेला असतो. इथे त्याला काही सिद्ध करायचं नसतं, काही समजावून सांगायचं नसतं. झालेल्या गोष्टीचा अर्थ लावायची सक्ती नसते. कुणीतरी सोबत आहे आणि तो काही विचारत नाही, ही जाणीव माणसांमध्ये मिळणं अवघड. ती विश्वासातून मिळाली तर तिचा आधार खराखुरा असतो.

पण शांतता झाकणही उघडते. दिवसभराच्या कामात, आवाजात जे दाबून ठेवलं ते वीस मिनिटांच्या मौनात वर येतं. कीटिंग स्वतः हे जाणून होते. अबोध मनातलं साठलेलं ओझं या प्रार्थनेत उतरू लागतं, असं ते शिकवत. सामान्य दुःखाच्या बाबतीत हे ठीकच आहे. डोळ्यांत पाणी येतं, हलकं वाटतं. आघाताच्या बाबतीत मात्र ओझं उतरण्याऐवजी अंगावर कोसळू शकतं. कुणी प्रार्थनेत थरथरायला लागतो. कुणी इतका सुन्न होतो की त्याला आणि बाकीच्यांना ती समाधी वाटते. माझ्या मते हे दुसरं जास्त फसवं आहे. मौनातून उठल्यावर माणूस जास्त हजर वाटायला हवा: चेहरे नीट दिसतात, भूक लागते, बोललेलं ऐकू येतं. उठल्यावर काचेपलीकडून जग बघितल्यासारखं वाटत असेल, वेळ कुठे गेला ते कळत नसेल, तर ती शांती नव्हे, ते जुनं थिजणं आहे. तेव्हा मौन वाढवायचं नाही, कमी करायचं.

म्हणून छोटे घास. वीस मिनिटांऐवजी दोन, डोळे उघडे, नजर दिव्याच्या ज्योतीवर किंवा एखाद्या पानावर. हातात काहीतरी धरा. माळ, गुळगुळीत दगड, कापडाची गाठ. बोटांना ते जाणवत राहिलं की आपण इथेच आहोत याची खूण मिळत राहते. जपमाळेचे मणी कदाचित म्हणूनच इतकी शतकं टिकले असावेत. बसणं जमत नसेल तर चालता चालता, पावलागणिक एक शब्द. शब्द मनात नको वाटला तर ओठांवर, अगदी गुणगुणत. आवाज काढताना श्वास आपोआप सावकाश सुटतो. आणि पाच मिनिटं झाली की थांबा, छान वाटत असलं तरी. पुढच्या वेळी बसावंसं वाटेल इतकं शिल्लक ठेवून उठलेलं बरं.

प्रार्थनेतले शब्दही दुखवू शकतात, हे श्रद्धावान माणसांना ऐकायला जड जातं. ज्याला बापाने मारलं त्याला 'हे पित्या' म्हणताना अंग चोरून घ्यावंसं वाटतं. ज्याच्यावर अत्याचार करणाराच धर्माच्या नावाने वावरत होता, त्याला देवघराचा, चर्चचा, उदबत्तीचा वाससुद्धा नको होतो. अशा वेळी संबोधन बदलावं, जागा बदलावी, किंवा प्रार्थना काही काळ बाजूला ठेवून फक्त पाय जमिनीवर टेकवून बसावं. ज्याची श्रद्धाच नाही त्यानेही एवढंच करावं. केनेथ पार्गमेंट या मानसशास्त्रज्ञांनी श्रद्धा संकटात कशी वापरली जाते याचा दीर्घ अभ्यास केला. 'देव माझ्याबरोबर आहे' या भावनेने आधार मिळतो, आणि 'देवाने मला शिक्षा दिली, मला टाकलं' या भावनेने त्रास वाढलेला दिसतो. श्रद्धा आहे की नाही यापेक्षा ती कशा रूपात आहे, हे बघावं लागतं.

रागालाही प्रार्थनेत जागा आहे. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं 88 वं स्तोत्र सुरू होतं तक्रारीने आणि संपतं अंधारात, त्यात शेवटी सगळं गोड झालं असं काही नाही. आपले संतही विठ्ठलाशी कडकडून भांडले आहेत. तरीही दुखावलेल्या माणसाला सगळ्यात आधी सांगितलं जातं, "क्षमा कर, मोकळा हो." हे ऐकलं की माझा जीव तुटतो. क्षमा कधीतरी येईल किंवा येणार नाही, तो ज्याचा त्याचा प्रवास. पण राग यायच्या आधीच मागितलेली क्षमा म्हणजे जखमेवर ओढलेली चादर. आतून ती तशीच राहते. प्रार्थनेत म्हणता येतं: मला राग आला आहे. मला समजत नाही. आज मला तुझ्याशी बोलायचं नाही, पण मी इथे बसलोय.

एकट्याने कुठवर जावं

जुन्या आघातावर पुराव्याने सिद्ध झालेले उपचार आहेत. आघातावर केंद्रित अशी विचार-वर्तन थेरपी, आणि डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी ईएमडीआर. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत दोन्हींची शिफारस केली आहे. काहींना औषधंही लागतात. योग आणि मौन प्रार्थना यांनी त्या उपचारांच्या शेजारी चालावं. अनेकदा त्यांचा खरा उपयोग असा होतो, की थेरपीत अवघड गोष्ट निघाली तर स्वतःला परत जमिनीवर आणायचं कसं हे माणसाला आधीच येत असतं. सरावामुळे झोप आणखी बिघडली, भास होऊ लागले, प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे जिवंत होऊ लागला, जगणं नकोसं वाटू लागलं, तर सराव तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जावं, त्याच दिवशी. "आणखी ध्यान कर" असं त्या वेळी सांगणारा माणूस हितचिंतक असला तरी चुकीचं सांगतो आहे.

वर्गात किंवा प्रार्थनागटात जायचं ठरलं तर आधी शिकवणाऱ्याशी बोलून घ्यावं. स्वतःची कहाणी सांगायची गरज नाही, आणि कुणी ती खोदून विचारत असेल तर तिथे जाऊ नये. विचारायचं ते असं: तुम्ही अंगाला हात लावून दुरुस्त करता का? डोळे उघडे ठेवले तर चालेल का? शवासनात कुशीवर झोपले, किंवा बसूनच राहिले तर? मौनाचा वेळ किती, आणि तो आधी सांगता का? मधेच उठून बाहेर गेले तर?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐकावं. शब्द "हो, चालेल" असेच असतात बहुधा, पण ते म्हणताना समोरच्याच्या कपाळाला आठी पडली का, ते बघावं. त्या कोपऱ्यातल्या बाई पुढच्या आठवड्यात परत आल्या. मॅट दाराशी घातली, तोंड दाराकडे. शवासनाच्या वेळी त्या बसून राहिल्या, डोळे उघडे, हातात पाण्याची बाटली. तीन मिनिटांनी उठून बाहेर गेल्या, पाचव्या मिनिटाला आत आल्या आणि बसल्या. मी माझ्या जागेवरून हलले नाही.